हानेलेच्या रेघा

बाळ झोपलं, घर शांत झालं आणि कपाटाचं दार कर्र करत आपोआप उघडलं. त्याचा खटका सैल आहे. तो आवाज मी लहानपणापासून ऐकतेय.

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या चार रेघा आहेत. सगळ्यात खालच्या रेघेशी लिहिलंय : हानेले रोझेनाऊ, तीन वर्षं. मग चार, पाच, सहा. त्याच्या वर कोरं लाकूड.

कपाट माझ्या आजोबांनी बेचाळीस साली हाम्बुर्गच्या बंदरावर लिलावात घेतलं. आईकडे होतं तोवर आतून फुलाफुलांचा कागद चिकटवलेला असायचा. या उन्हाळ्यात ते माझ्याकडे आलं, तेव्हा मी तो ओल्या फडक्याने सोडवला.

"घासून टाक ते," आई म्हणाली. माझ्या थोरलीच्या, येटेच्या वाढदिवसासाठी केक घेऊन आली होती. पिशवीत पॉलिशपेपरही होता. "उद्या पोरीची उंची मांडशील, ती स्वच्छ लाकडावर मांड."

"कागदाखाली काय आहे ते तुला माहीत होतं."

"कागद तुझ्या आजीने लावला. मी फक्त बदलला." ती साखर न घातलेली कॉफी ढवळत राहिली. "आणि चोरीचं नाही हं ते, वीबके. पावती आहे."

"मग माल कुणाचा होता ते विचारलं कुणी?"

"तू पोलिसात लागलीस का?" मग हळूच म्हणाली, "सातच वर्षांची होतेय ती. कशाला सांगतेस आत्ताच?"

हेच मीही तीन महिने स्वतःला सांगत होते.

पण तो नऊ नोव्हेंबर होता. अडतीस साली याच तारखेला ज्यूंची घरं-दुकानं फोडली, म्हणून दर वर्षी त्या दिवशी आमच्याकडे लोक फूटपाथमध्ये बसवलेले पितळी दगड पुसतात. ज्या घरातून नाझींनी माणसं नेली, त्या घराच्या दारात त्यांची नावं. रोझेनाऊंचं घर त्या दगडांच्या यादीत सापडलं होतं, आमच्यापासून चालत बारा मिनिटांवर. आई गुडघ्यांचं निमित्त सांगून नाही म्हणाली, तरी मागून आली. पलीकडच्या फूटपाथवर बाळाची गाडी हलवत उभी राहिली.

येटेने जुन्या मोज्याने तिन्ही दगड घासले. पहिलीत गेल्यापासून दिसेल ते वाचते.

"हा-ने-ले. जन्म १९३५. १९४१ साली मिन्स्कला..." पुढचा ‘ठार’ हा शब्द तिने मोठ्याने वाचला नाही. माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "आपल्या कपाटातली हानेले. तिच्या घरातलं कपाट आहे ते."

 येताना ती माझा हात घट्ट धरून होती.

सकाळी केक कापायच्या आधी येटे दाराला पाठ लावून उभी राहिली, टाचा टेकवून. पॉलिशपेपर टेबलावर तसाच घडी घातलेला. मी तिच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, रेघ काढली, लिहिलं : येटे, सात. हानेलेच्या सहापेक्षा चार बोटं वर.

तिने वळून बघितलं. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि आजीकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघून विचारलं,

"आणि हानेलेची सातची कुठे काढायची?"