एकतिसावं पान

परदेशी भाषा आणि साहित्य हा माझा कॉलेजचा विषय आहे म्हटलं, की समोरचा हमखास विचारतो, "बरं, पण पुढे काय?" मामा तर विचारतही नाही, सरळ सुनावतो. "गोष्टी वाचायला कॉलेज कशाला गं लागतं? त्या घरी लोळूनही वाचता येतात!" तीन वर्षं हे ऐकतेय आणि तीन वर्षं माझं डोकं तापतंय.

एकटी मावशी माझी बाजू घ्यायची. सख्खी मावशी नव्हे. खोक्यांच्या कारखान्यात एकाच मशीनवर आईच्या समोर उभी राहणारी. "शिकू दे की पोरीला," म्हणायची, "आपल्यात कुणाला तरी साता समुद्रापलीकडचं कळू दे." त्याच मशीननं चार महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली.

जेवणाचा भोंगा झाला की बटण दाबायचं, झाकण उघडायचं आणि डिंक वाळायच्या आत फडक्यानं रोलर पुसून घ्यायचा. सगळ्याच बायका तसं करतात, नाहीतर अर्धी सुट्टी डिंक खरवडण्यात जाते. मावशी शपथेवर सांगत होती, की बटण दाबलं होतं, रोलर थांबला होता. मालक म्हणाला, थांबलेलं मशीन बोटं कसं नेईल? हिचीच बेफिकिरी! तिला कामावरून काढलं आणि तशा जबाबावर साक्षीदार म्हणून आईची सही घेतली. आईलाही मालकाचंच पटलं होतं. तेव्हापासून दोघींत बोलणं नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या विभागातल्या बाई म्हणाल्या, "कथा-कविता पुष्कळ झाल्या. रोजच्या वापरातला एखादा मजकूर आणा आणि भाषांतर करा. एक वाक्य गाळायचं नाही." मी नाक मुरडलं. मग घरी फळीवर, माझ्या कादंबऱ्यांच्या खाली दबलेलं एक निळं पुस्तक आठवलं. मशीनबरोबर आलेलं, मी शिकते त्याच भाषेतलं माहितीपुस्तक. म्हटलं, चला, उरकून टाकू.

एकतिसाव्या पानावर चौकटीत, जाड अक्षरांत होतं: बटण दाबल्यावर रोलर थांबतो, पण आतला दाब उतरेपर्यंत तो अचानक पुन्हा फिरू शकतो. दोन मिनिटं झाकण उघडू नका.

मी ती चौकट तीनदा वाचली. ते पुस्तक आईनं मला आठ महिन्यांपूर्वी, मशीन आलं त्याच आठवड्यात आणून दिलं होतं. "सुपरवायझर म्हणाले, मुलीला ती भाषा येते ना, जरा बघायला सांग." आणि मी काय म्हणाले? "आई, मी साहित्य शिकते. मशीनची पुस्तकं वाचायला नाही शिकत." काय तो माझा तोरा! जळो तो तोरा.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चौकट वाचून दाखवली. तिनं हातातली घडी खाली ठेवली. "मी सही केली गं," एवढंच म्हणाली. मग हळूच बोलली, "उद्या मावशीच्या अपघाताच्या सरकारी चौकशीची शेवटची तारीख आहे. जाऊ या. पण पुस्तक आत्ताच मिळालं म्हण. तुझ्यावर येईल नाहीतर."

बाईंनी सकाळी भाषांतराचा शब्दन् शब्द तपासून विभागाचा शिक्का मारला. कारखान्याच्या ऑफिसात चौकशीचे साहेब, मालक आणि कोपऱ्यात मावशी, हात पदराखाली झाकून. साहेबांनी कागद वाचला. मालक हसला. "ही कॉलेजात गोष्टी वाचते साहेब. रचली असेल एखादी." मी पुस्तक टेबलावर आपटलं, पान उघडलं आणि कागदावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. त्याचं हसू मावळलं.

"हे आधी का नाही आणलं?" साहेबांनी विचारलं. "पुस्तक होतं कुठे?"

आईनं माझा दंड घट्ट धरला.

"माझ्याकडे," मी म्हणाले. "आठ महिने. घरी, फळीवर. मी उघडलंच नाही."

"बघा!" मालक खुर्चीत सावरून बसला. "आम्ही दिलं होतं की वाचायला! आता चूक कुणाची?"

माझा तोल सुटला. "माझी! माझी आहेच! पण तुमची सुटते होय त्यानं? ज्याच्या पुस्तकातलं अक्षरही कळत नाही असं मशीन चालू केलंत, तेही एका कॉलेजच्या पोरीच्या भरवशावर? वाचलं का गं, असं एकदा तरी विचारलंत? आणि बोटं गेल्यावर हिलाच बेफिकीर म्हणायला जीभ कशी रेटली तुमची?"

साहेब काहीतरी लिहून घेऊ लागले. आई पुढे झाली, म्हणाली, "माझी सही मागे घ्यायचीये. ती खरं बोलत होती." तिनं कोपऱ्यातल्या मावशीकडे बोट केलं.

मावशीनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि टेबलावर, त्या उघड्या पानाशेजारी ठेवला. मला वाटलं, आता ती मला शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."

मी वाचलं. ती मालकाकडे बघत नव्हती. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती.