घरात शेवटची रांग नव्हती

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. कात्रजच्या एका सुताराने सागवानी चौकट घालून मला घडवले आणि तात्यारावांनी मला वस्तीतल्या विहारात टांगले. तात्याराव दिवसा पोस्टात नोकरी करत आणि संध्याकाळी तिथल्या मुलांना शिकवत. वीस वर्षे त्यांनी माझ्यावर लिहिले.

त्यांची एक सवय होती. नवे मूल आले की ते त्याला आधी शेवटच्या रांगेत बसवत आणि माझ्यावरचे वाचायला लावत. मूल अडखळले की त्याला पुढे बोलावत. पुढे येऊन तेच मूल घडाघडा वाचू लागले, तर त्याच्या घरी चिठ्ठी जाई : ‘डोळे तपासून घ्या.’ मला ही सवय अगदी क्षुल्लक वाटे. मान असेल तर तो अक्षरांचा आणि माझा, रांगांना कसला आलाय मान, असे मी समजत असे. थोडा गर्विष्ठच होतो मी.

तात्याराव वारले आणि वर्ग बंद पडला. त्यांच्या मुलाने, बुद्धभूषणने, मला वाघोलीच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणले. त्याची मुलगी पूर्वा तेव्हा चार वर्षांची होती. तिच्या आईने, भाग्यश्रीने, तिला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवले होते आणि त्यासाठी चांगली नोकरी सोडली होती. लोक नाके मुरडत. मी मुरडणार नाही. इतका जीव ओतून शिकवणारे माणूस मी तात्यारावांनंतर तिलाच पाहिले.

मूल कोणत्या पद्धतीने शिकते ते ओळखून अभ्यासक्रम निवडावा, असे तिला पालकांच्या एका गटात सांगितले होते. त्यासाठी चाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. मूल चित्रे बघत बसते का? नाही. गोष्ट ऐकताना रमते का? हो. वस्तू हाताने चाचपते का? हो, नेहमी. उत्तर आले की पूर्वा ऐकून आणि स्पर्शातून शिकणारी आहे. त्याप्रमाणे घरी पेटी आली. तिच्यात मणी, वाळूचे ताट, खरखरीत कागदाची अक्षरे आणि ऐकायच्या गोष्टी होत्या. भिंतीवरचे चित्रांचे तक्ते उतरले. पूर्वा माझ्यावरची अक्षरे बोटाने गिरवी, म्हणून मी तेवढा राहिलो.

ती माझ्यापाशी येऊन अगदी नाक टेकवून उभी राही. नाकाच्या शेंड्याला खडू लागे. वीस वर्षांत एकही मूल माझ्या इतके जवळ आले नव्हते. हिचा माझ्यावर जीव आहे, असे मला वाटले आणि मी सुखावलो. माझी ही चूक मी तुमच्यापासून लपवणार नाही.

दरवर्षी भाग्यश्री नव्याने फॉर्म भरी. दरवर्षी तेच उत्तर येई, तशीच नवी पेटी येई आणि आपली निवड बरोबर होती, असे तिला वाटे. कामाला येणाऱ्या तुळजाबाईंना मात्र ते पटत नव्हते. पूर्वा सहा वर्षांची असताना त्या फरशी पुसता पुसता थांबल्या.

“ताई, काल गेटापाशी मी हात केला, तर पोरीनं वळखलं न्हाई. हाक मारली तवा पळत आली. एकदा डोळं दाखवा तिचं.”

“अहो तुळजाबाई, ती आवाजावरूनच ओळखते. तिची पद्धतच तशी आहे,” भाग्यश्री हसून म्हणाली.

बुद्धभूषण सकाळी हिंजवडीची बस धरी आणि परते तेव्हा पूर्वा झोपलेली असे. तिला आठवे वर्ष लागले, त्यानंतरच्या एका रविवारी तो सोफ्यावर बसला होता. त्याला वडिलांची आठवण झाली. त्याने पूर्वाला शेजारी बसवून म्हटले, “चल, शेवटच्या रांगेतून वाच बघू.”

पूर्वाने माझ्या दिशेने पाहिले. “बाबा, तिथे काही लिहिलंय?”

माझ्यावर वीतभर उंचीचे अक्षर होते.

डॉक्टरांनी सांगितले की उजव्या डोळ्याचा नंबर मोठा आहे, पण चष्म्याने निभेल. डावा त्याहून अधू होता. डोळ्यालाही बघायला शिकावे लागते, ते वय बरेचसे निघून गेले. उजव्यावर पट्टी बांधून प्रयत्न करू, पण फार आशा धरू नका. घरी येऊन भाग्यश्री माझ्यासमोर खाली बसली. “मी प्रत्येक पेटी हिच्याकडे बघूनच निवडली होती,” एवढेच ती म्हणाली. तुळजाबाई भांडी घासत राहिल्या.

मित्रांनो, घरी शिकणे वाईट नाही, पेटीही वाईट नव्हती. पण मूल असे का वागते, याचे उत्तर फॉर्मवर मिळाले की माणसे मुलाला विचारायचे थांबतात. तुमच्या घरात एखादा जरी फळा असेल, तर लहानग्याला कधीतरी चार पावले मागे उभे करा.

आता रोज सकाळी पूर्वाच्या उजव्या डोळ्यावर पट्टी असते. भाग्यश्री माझ्यावर एकच मोठे अक्षर काढते आणि तिला समोरच्या भिंतीशी उभी करते. काल ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारले, “आई, थोडी पुढे येऊ?”

भाग्यश्री म्हणाली, “ये.”

ती एकेक पाऊल पुढे येत गेली, तिच्या नाकाला खडू लागेपर्यंत.