शेवटची वडी

आर्लिस ट्वेटनचा हात सढळ. कॉफीत साय असो की बटाट्यावर लोणी, ती मोजून घालत नाही. पण हेंपच्या, म्हणजे भांगेच्या जातीतल्या झाडाच्या, वड्या विकायच्या तर सढळ हात चालत नाही. आमच्या मिनेसोटात नियम आहे: एका वडीत नशेचा अर्क पाच मिलिग्रॅम, वर एक कण नाही.

मंगळवारी फोनवर बहिणीशी भांडता भांडता आर्लिसनं एकाच पातेल्यात अर्क दोनदा ओतला. ते कळलं गुरुवारी. चर्चच्या तळघरात गोधडी शिवताना आम्ही सात जणींनी त्या वड्या चाखल्या आणि हसून हसून लोळलो. आमच्यातल्या व्हर्लाचा स्कर्ट गोधडीलाच शिवला गेला. विकायला एकही वडी गेली नव्हती, हे नशीब. ताटलीत एकच उरली.

शुक्रवारी सरकारी तपासनीस आर्लिसच्या दुकानाच्या दारात हजर. ग्रँट डाल्की, शेजारच्याच गावचा.

"काकू, मंगळवारच्या घाण्यातली एक वडी द्या. प्रयोगशाळेत पाठवायचीय."

मी आर्लिसच्या शेजारीच उभी होते. वडी नापास झाली की परवाना गेला, आणि नवरा वारल्यापासून आर्लिसला या दुकानाशिवाय आहे काय?

तिनं ताटली पुढे केली. "घे."

"नको, शेवटची दिसतेय."

"अरे घे रे, संकोच कसला?"

"नको, कुणाला तरी हवी असेल."

आमच्याकडे शेवटचा तुकडा उचलणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ग्रँटनं तीनदा हात पुढे नेला, तीनदा मागे घेतला. कान लालबुंद. शेवटी चाकू काढून त्यानं वडी मधोमध कापली आणि अर्धी पिशवीत टाकली.

"मला अर्धी पुरे."

आर्लिसनं माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं, तर दोघींना तिथेच हसू फुटलं असतं.

दोन आठवड्यांनी ग्रँट प्रयोगशाळेचा कागद घेऊन आला. नमुना एक, अर्क पाच मिलिग्रॅम, पास. आर्लिसचे डोळे भरून आले. ग्रँट मात्र ताटलीकडे बघत होता. येणाऱ्या-जाणाऱ्यानं अर्धं अर्धं घेत उरलेल्या अर्ध्या वडीचा पार चणा करून ठेवला होता.

"काकू, अर्धी घ्यायला मला आईनं शिकवलं," तो म्हणाला. "पण दुप्पट करायला शाळेत शिकलोय."

आर्लिसनं कागद खाली ठेवला. "मग आता?"

"आता सोमवारी नवा घाणा बघायला येतो. या वेळी मोजून ओता. आणि ताटलीत दोन वड्या ठेवा, म्हणजे मला एक अख्खी उचलता येईल."