पायाखाली उशी

थोरलीचा उजवा गुडघा नवा बसवून अठरा दिवस झाले होते आणि त्या अठरा दिवसांत दोघी जावा एकमेकींशी एकदाही धड बोलल्या नव्हत्या. तशा त्याआधीच्या बावीस वर्षांतही बोलल्या नव्हत्या म्हणा; पण तेव्हा मध्ये कामाचं टेबल असायचं, आता पलंग होता.

घरचा धंदा गाद्या-उशांचा. खाली कारखाना, वर राहणं. थोरली विधवा, लेक परगावी. थोरलीने कापड कापायचं, धाकटीने कापूस भरून टाके घालायचे, अशी वाटणी. कापणारीला दिवसभर उभं राहावं लागतं, पण माप तिचं, म्हणजे कारखाना तिचा. गुडघे झिजले तशी थोरली आधी टेबलाला टेकून कापू लागली, मग टेबलावर ओणवी होऊन; कात्री मात्र सोडली नाही. शेवटी सर्जन म्हणाले, दोन्ही गुडघे बदलू, पण एकेक करून. आणि अट घातली.

"सहा आठवड्यांनी तपासणार. हा पाय पूर्ण सरळ होत असेल तरच दुसऱ्याला हात लावीन. एक सरळ नि एक वाकडा, असं तुम्हाला मी उभं करणार नाही."

म्हणजे पाय सरळ झाला नाही तर दुसरा गुडघा नाही, आणि दुसरा गुडघा नाही तर टेबल नाही. तूर्त कात्री धाकटीच्या हातात गेली होती.

"गोळी घ्या, जाऊबाई."

"आज लवकर आठवण झाली."

"काल तुम्ही झोपेचं सोंग घेतलं होतंत. सोंगाला गोळी कशी द्यायची?"

"खालून आवाज येतो मला. कापड कापतेस की फाडतेस?"

"तुमच्यापेक्षा सरळ कापते. निदान माझे पाय लटपटत नाहीत."

"लटपटतील कसे? जमिनीवर आहेत कुठे तुझे पाय!"

धाकटीने बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवली. आपटली म्हणायला जागा नाही, पण ठेवली असंही म्हणवत नाही.

पहिल्या फिजिओला थोरलीने दुसऱ्याच दिवशी हाकलून दिलं होतं. "वयाने नातीएवढी आणि बोलते सासूसारखी," असं म्हणून. त्यानंतर दवाखान्यातून मिळालेला कागद समोर ठेवून ती स्वतःच व्यायाम करायची. गुडघा वाकवायचा व्यायाम तिला आवडे, कारण त्यात रोज थोडी प्रगती दिसे. सरळ करायचा व्यायाम कागदाच्या मागच्या बाजूला होता.

एकोणिसाव्या दिवशी दवाखान्याने दुसरी फिजिओ पाठवली. ही पहिलीपेक्षा खाष्ट. चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "हाकलायचं असेल तर आत्ताच सांगा, माझा रिक्षावाला अजून खाली आहे."

थोरलीने पायावरचं पांघरूण बाजूला सारलं. तिला असल्या बायका कळायच्या.

फिजिओने कोन मोजायची, दोन पात्यांची प्लास्टिकची पट्टी गुडघ्याला लावली. "वाकतोय छान. शंभर अंश. आता सरळ करा."

थोरलीने दात-ओठ खाल्ले. मांडी ताठ झाली, पण गुडघ्याखाली फट राहिली ती राहिलीच.

"बारा अंश कमी," फिजिओ म्हणाली आणि तिची नजर पलंगाच्या कडेला गेली. तिथे एक लहान लोड होता. मऊ धुवट कापडाची खोळ, दोन्ही टोकांना घट्ट, मधे किंचित सैल. गुडघ्यामागच्या खोलगटात चपखल बसेल असा. "हा कुणी केला?"

"मी," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात जरा अभिमानच होता.

"कुठे ठेवता?"

"गुडघ्याखाली. दिवसरात्र."

फिजिओने पट्टी खाली ठेवली. "अहो, गुडघ्याखाली उशी कधीच द्यायची नसते. बरं वाटतं, म्हणून पाय वाकलेलाच राहतो, आणि आत सगळं तसंच आखडतं. उशी टाचेखाली. गुडघा अधांतरी. त्याला दुखलंच पाहिजे."

"पण नर्सनेच सांगितलं! पायाखाली उशी ठेवा म्हणाली!"

"पाय म्हणजे पाऊल, बाई. टाच."

"वा!" धाकटी उसळली. "यांचा पाय दुखतो तेव्हा काय पाऊल दुखतं? पाय पसरा म्हटलं की मांडीपासून पसरतात ना? मग पाय कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, ते मला कुणी लिहून दिलंय?"

नर्सचाही दोष नव्हता. तिच्यामागे आणखी चार खाटा होत्या. आणि उशा शिवण्यात जन्म गेलेल्या बाईला मोकळा खोलगट भाग दिसला, की तिचा हात आपोआप तो भरायला जातो.

थोरली भिंतीला टेकून बसली होती. ती अगदी हळू बोलली, आणि ती हळू बोलली की घरातले सगळे सावध होत.

"मुद्दाम केलंस."

"काय?"

"बावीस वर्षं तुला माझं वाईट करायला जमलं नाही. आता जमलं, तेही किती मऊ हाताने! दुसरा गुडघा गेला माझा. आता काप तू जन्मभर."

धाकटीचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "मुद्दाम करायचं असतं तर असे बारीक टाके घातले असते? दोन दुपारी बसून शिवलाय तो लोड. सख्ख्या आईला शिवला नाही असा. तुम्ही कण्हायच्या थांबलात, तेव्हा मला वाटलं..." पुढचं तिने गिळलं. "जाऊ दे. मला चांगलंही करता येत नाही, म्हणा."

"तेच म्हणतेय."

"भांडण थोडं मागे ठेवा," फिजिओ म्हणाली. "तीन आठवडे आहेत. रोज टाच उंच ठेवून पडायचं. शिवाय पाच वेळा हे करायचं: गुडघ्याखाली तेवढ्यापुरता गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो गादीत चिरडायचा, दहा मोजेपर्यंत." थोरलीने टॉवेल चिरडला. फिजिओने तोंड वाकडं केलं. "यात जीवच नाही." तिने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. मग धाकटीला म्हणाली, "टॉवेलऐवजी तुम्ही हात घाला हो. डावा."

"तिचा हात नको," थोरली म्हणाली.

"का?"

"तिचा हात लागला की माझं डोकं तापतं."

"मग तर हवाच."

धाकटीने हात घातला. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, आणि बावीस वर्षांचं सगळं त्या मांडीत उतरलं. धाकटी कळवळली. फिजिओने वाकून बघितलं. "फट निम्मी झाली," ती म्हणाली.

देव कुणाकडून कसली सेवा घेईल, त्याचा नेम नाही. इथे त्याने राग कामाला लावला.

रोज पाच वेळा तोच तमाशा. मोजायची धाकटी. "सात... आठ... आठ..." "आठ झाले, लबाडे!" "जोर कुठाय? उशीत कापूस याहून जोरात दाबते मी." कधी थोरली थकली, की धाकटी छताकडे बघत म्हणायची, "तुमचं ते निळ्या पट्ट्यांचं थान आज कापलं. आडवं."

"आडवं? पट्टे आडवे?"

"आडवेच बरे दिसतात."

"दरिद्री! भिकार!" गुडघा गादीत रुतायचा. "...नऊ, दहा. सोडा. हात मोडेल माझा."

पाचव्या आठवड्यात धाकटी बाहेर गेली असताना थोरली काठी टेकत एकेक पायरी करत कारखान्यात उतरली. निळ्या पट्ट्यांच्या गाद्या भिंतीशी उभ्या होत्या. पट्टे उभे. टोकाला टोक जुळलेलं, सुताचाही फरक नाही. ती बराच वेळ पाहत राहिली आणि पुन्हा वर चढून आली. त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण संध्याकाळी धाकटी पलंगापाशी आली, तेव्हा तिने हात घालायच्या आधीच थोरलीने विचारलं, "आज काय फाडलंस?"

धाकटी क्षणभर थबकली. मग म्हणाली, "ती पिवळी खोळ. मधोमध."

"मेले!" थोरली म्हणाली, आणि दाबलं.

सहा आठवडे पुरे झाल्यावर सर्जनने टाच तळहातावर उचलून धरली, पट्टी लावली, परत लावली. "दोन अंश. याला मी सरळच म्हणतो. दुसऱ्या गुडघ्याची तारीख देऊ? सांभाळायला कोण? लेक येईल?"

"लेक कशाला? ही आहे ना," थोरली म्हणाली.

"मला विचारलंत?"

"तुला काय विचारायचं?"

धाकटीने डावा हात सर्जनच्या टेबलावर ठेवला. बोटांच्या पेरांवर निळं-पिवळं पडलं होतं. मूठ मिटत नव्हती. सर्जन तो हात बघू लागले. थोरलीने मात्र बघितला नाही. खिडकीकडे तोंड करून, बावीस वर्षांत पहिल्यांदा, ती म्हणाली, "बरं. सांग. कधी जमेल तुला?"

"दोन महिन्यांनी," धाकटी म्हणाली. "आधी माझी सूज उतरू दे. आणि तोवर तुम्ही कापायच्या टेबलापाशी यायचं नाही."

"दोन महिने!" थोरली वळली. धाकटी शिव्यांची वाट बघत होती.

"लिहा हो डॉक्टर," थोरली म्हणाली. "दोन महिने लिहा."