उजवा खांदा पाऊण इंच खाली

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. जाड कागदावर, सहीशिक्क्यासकट खोटं लिहिलंत. "हा विवाह केवळ व्हिसासाठी झालेला दिसतो. पती-पत्नींना एकमेकांची पुरेशी माहिती नाही." मुलाखत किती वेळ चालली? बावीस मिनिटं. अकरा तिची, अकरा त्याची. अकरा मिनिटांत माणसाचा चहासुद्धा धड पिऊन होत नाही आणि तुम्ही अख्खा संसार तपासून मोकळे झालात! आता जरा बूड टेकून बसा, आणि तेव्हा ऐकलं नाहीत ते ऐका.

ती टेलर. तिचे वडील गावातले टेलरमास्तर होते आणि पोरगी त्यांच्या मशीनखाली चिंध्यांशी खेळत वाढली. ते गेल्यावर तिनं त्यांची कात्री उचलली आणि कामाच्या परवान्यावर परक्या देशात आली. कपडे दुरुस्तीचं दुकान, तीन मशीनं, एक मालकीण. परवाना तीन वर्षांचा.

तो तिथलाच नागरिक. काचा बसवणारा. दुकानाची दर्शनी काच तडकली म्हणून मालकिणीनं त्याला बोलावलं. तो नवी काच पट्ट्यानं उजव्या खांद्याला अडकवून आत आला, भिंतीला टेकवून ठेवली आणि पाठ फिरवून माप घ्यायला लागला. ती मान वर करून बघतच राहिली. काचेकडे नाही, त्याच्या शर्टाकडे. कॉलर एका बाजूला ओढलेली, पाठीवर तिरकी घडी, बटणपट्टी वाकडी. तिला राहवेना. तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि सरळ म्हणाली, "शर्ट काढा."

"अगं, आधी नाव तरी विचार!" मालकीण खो खो हसली.

"तुमचा उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे," ती त्याला म्हणाली. "शर्ट शिवणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं."

रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा तो बनियनवर अर्धा तास उभा राहिला. तिनं खांदा उसवला, खडूची रेघ मारली, नवी शिलाई घातली. मानेला टोचत होतं म्हणून मापाचं लेबलही कापून टाकलं. त्यानं शर्ट घातला, हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. एकवीस वर्षं काचा वाहिल्या होत्या त्यानं. कॉलर मानेला काचली नाही, असा हा पहिला शर्ट.

पुढच्या आठवड्यात तो दोन शर्ट घेऊन आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकच, बटण तुटलेला.

"हे तुटलेलं नाही, तोडलंय," ती म्हणाली. "दोरा ओढल्यासारखा दिसतोय."

त्याचे कान लाल झाले. मालकीण मुद्दाम उठून आत गेली.

लग्न तिथल्याच नोंदणी कचेरीत झालं. साक्षीदार दोन, मालकीण आणि त्याचा थोरला भाऊ. तिची आई फोनच्या पडद्यावर. आईचा पारा आधीच चढलेला.

"एवढं जग पडलंय, आणि तुला काचा फोडणाराच सापडला?"

"फोडणारा नाही गं आई, बसवणारा."

"तेच ते! आपलं काही कळतं का त्याला?"

कळत काहीच नव्हतं. पण तिचा आणि आईचा रोजचा फोन चालायचा तेव्हा तो शेजारी बसून कान देऊन ऐकायचा. आईचा पहिला प्रश्न रोज एकच, "जेवलीस का?" त्याला वाटलं, मराठीत भेटल्यावर हेच म्हणायचं असतं. मग सकाळी आठ वाजता डोळे चोळत तो बायकोला विचारायचा, "मास्तर, जेवलीस का?" तिला तो मास्तरच म्हणायचा. एकदा फोन त्याच्या हातात होता, आणि तो आईलाच म्हणाला, "आई, जेवलीस का?"

मग आई म्हणाली, "नाही हो अजून, जावईबापू. तुमचे सासरे गेल्यापासून मला हे कोणी विचारलंच नव्हतं." त्या दिवसापासून काचवाल्याची बाजू घ्यायला आई पहिली. लेकीनं जरा आवाज चढवला की म्हणायची, "जावयांना बोलायचं काम नाही हं."

सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, हे त्यांचं घर. लग्नाला त्यानं तिला काय दिलं? कोणीतरी टाकून दिलेला दरवाजा उचलून आणला, त्याला चार पाय ठोकले, वर जाड काच बसवली. कापड अडकून फाटू नये म्हणून काचेच्या चारही कडा हातानं घासून गुळगुळीत केल्या. दोन दिवस बोटांना पट्ट्या होत्या. त्याच टेबलावर ती कापड बेतते, त्याच टेबलावर दोघं जेवतात.

आता तुमच्या खोलीत या, साहेब. दोघांना वेगळं बसवलंत. तिला विचारलंत, लग्नात नवऱ्यानं काय दिलं? ती म्हणाली, "टेबल." त्याला विचारलंत. तो म्हणाला, "काच." तुम्ही लाल पेन उचललंत. अहो, काच बसवणाऱ्यानं काचच दिली आणि टेलरला टेबलच मिळालं! एकदा घरी येऊन बघितलं असतंत तर त्याच टेबलावर तुम्हाला चहा मिळाला असता.

मग विचारलंत, नवऱ्याच्या शर्टाचं माप? तिचा चेहरा उजळला. अख्ख्या मुलाखतीत हा एकच प्रश्न तिच्या हक्काचा होता. "गळा पावणेसोळा, छाती एकेचाळीस, बाही पंचवीस, उजवा खांदा पाऊण इंच उतरता. थंडीत अर्धा इंच ढिलं ठेवते, आत स्वेटर घालतो म्हणून." तुम्ही लिहिलंत, "अर्जदार थेट उत्तर टाळते." त्याला तेच विचारलंत. तो म्हणाला, "माहीत नाही. लेबल टोचतं म्हणून ती कापून टाकते." तुम्ही लिहिलंत, "पतीला सांगता आले नाही."

नकाराचं पत्र आलं. अपिलाला मुदत सतरा तारखेपर्यंत. तिचा कामाचा परवानाही सतरालाच संपतो. तोवर निर्णय फिरला नाही तर तिनं देश सोडायचा, आणि पुन्हा येणं कधी, ते कोणी सांगत नाही.

वकिलानं दोनशे प्रश्नांचा कागद हातात दिला. "पाठ करा. दोघांचं उत्तर एकच पाहिजे. शर्टाचं माप बेचाळीस, भेट म्हणजे अंगठी. विषय संपला."

रविवारी दोघं काचेच्या टेबलाशी पाठांतराला बसले. तो साहेब झाला. चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, तोंड वाकडं केलं. ती हसली.

"पतीच्या शर्टाचं माप?"

"बे..." ती थांबली. "मला नाही येत."

"म्हण ना, मास्तर. एक आकडा तर आहे."

"बेचाळीसचा शर्ट तुझ्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसतो!"

"दिसू दे. तू इथे राहशील."

तिनं कागद उपडा ठेवला. "ज्यांनी एकमेकांना धड बघितलेलं नाही ते हा कागद घोकतात आणि पास होतात. आपण घोकला नाही म्हणून नापास. आणि आता मी तुझा खांदा सरळ आहे असं सांगू? ज्या खांद्यामुळे तू मला भेटलास तो?"

त्यानं चष्मा काढून ठेवला. मग उठला, अंगातला शर्ट काढला, उलटा केला आणि काचेवर पसरला. खांद्याची शिलाई वर आली.

"हाच पाठव," तो म्हणाला. "बेचाळीस नको."

सोमवारी तिनं अपील स्वतःच्या हातानं लिहिलं. शर्टाची घडी घातली, सोबत बटणांच्या डब्यातली कापलेली सगळी लेबलं ठेवली. एकोणीस निघाली. कुठे चाळीस, कुठे बेचाळीस, कुठे चव्वेचाळीस, स्वस्तात मिळेल तो शर्ट घेऊन ती त्याच्या अंगाचा करायची. वकिलानं कपाळाला हात लावला. आई फोनवर म्हणाली, "इस्त्री करून पाठव गं. लोक काय म्हणतील?"

त्याच दिवशी तो दुकानातून एक तयार शर्ट घेऊन आला. बेचाळीस. रोज तोच घालून कामावर जातो. कॉलर ओढलेली, पाठीवर तिरकी घडी. रोज सकाळी दारात तिचे हात शिवशिवतात. "दे इकडे, दहा मिनिटांचं काम आहे."

"उत्तर येईपर्यंत हात लावायचा नाही, मास्तर. साहेबांनी बोलावलं तर त्यांचं बेचाळीस कसं दिसतं ते त्यांना बघू दे." मानेवर लाल वळ उठलाय, तरी ऐकत नाही. "जेवलीस का?" म्हणतो आणि जिना उतरतो.

आज अकरा तारीख. साहेब, शर्ट तुमच्या टेबलावर आहे. उलटा करा. उजव्या खांद्याची शिलाई बघा, तुमच्याच टेपनं मोजा. वाटलं तर त्याला बोलावून त्याचा खांदाही मोजा. मग तुमच्या त्या जाड कागदावर, सहीशिक्क्यासकट लिहा की हा पाऊण इंच जिला ठाऊक आहे ती त्याची बायको नाही, तर मग कोण आहे?

लिहा. सतराच्या आत उत्तर पाहिजे.