थेट गंजावर

आमच्या घरात रंगाबद्दल मत नसलेलं माणूस एकच, ते म्हणजे मी. बहुधा म्हणूनच गॅरेजमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझ्याकडे आहे. आम्ही गाड्यांचे चेसिस, म्हणजे खालचे लोखंडी सांगाडे, रंगवतो. गाडीचा वरचा चकाकता रंग देणाऱ्यांचं कौतुक होतं, लोक त्यात तोंड बघून केस नीट करतात. आमचं काम गाडीच्या पोटाखाली. तिथे वाकून कुणी बघत नाही.

रंग द्यायचे माझे सासरे. चाळीस वर्षं एकच पद्धत: आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग लाल प्रायमर, आणि त्यावर काळ्याचे दोन हात. एका गाडीला पाच दिवस. नवऱ्याला ही पद्धत म्हणजे घराण्यावरचा डाग वाटायची. जग कुठे चाललंय, असं तो रोज विचारायचा. जग कुठेही चाललेलं असो, बाबा ब्रश घेऊन गाडीखालीच असायचे.

मग एके दिवशी मासळीवाल्या बाई आल्या. त्यांच्या आठ गाड्या, सगळ्या आमच्याकडेच रंगवलेल्या. मासळीखालचा बर्फ वितळतो आणि ते खारट पाणी दिवसभर चेसिसवर ठिबकत राहतं. एका गाडीच्या चेसिसला चीर गेली होती. बाईंनी खुर्चीवर न बसताच सांगितलं की ड्रायव्हर वाचला तो त्याच्या नशिबानं, त्यात आमचा काही हात नाही. आता निदान तीन वर्षं टिकेल असा रंग द्या, नाहीतर आठही गाड्या दुसरीकडे जातील.

नवऱ्याला हेच हवं होतं. त्यानं त्याच आठवड्यात एका रंग कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो आला तेव्हा त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. रंगवाल्याच्या अंगाला थिनरचा वास येत नाही म्हटल्यावर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. त्याच्या गुळगुळीत कॅटलॉगात एक काळाभोर चेसिस डोंगरापाशी, तळ्याच्या काठावर एकटाच उभा होता. तो तिथपर्यंत इंजिनाशिवाय कसा गेला, हे मी विचारलं नाही. त्याचा इपॉक्सी रंग मात्र म्हणे असा, की घासायलाच नको. डब्यावर ठळक छापलं होतं: थेट गंजावर. आम्ही त्या माणसाचं नावच कॅटलॉग ठेवलं.

बाप-लेकाची जुंपली. चार दिवस घरात जेवताना पातेलीसुद्धा जपून ठेवायला लागायची. शेवटी परीक्षा ठरली. भंगारातल्या एकाच चेसिसचे दोन तुकडे कापायचे, एकावर बाबांचा रंग, दुसऱ्यावर नवऱ्याचा. दोन्हींवर खिळ्यानं लोखंडापर्यंत ओरखडा काढायचा, तुकडे मागच्या भिंतीला टांगायचे आणि तीन महिने त्यांना मासळीचं पाणी घालायचं. बाबांचा तुकडा गंजला, तर त्यांनी घरी बसून आराम करायचा. आराम हा शब्द नवऱ्यानं फार मायेनं उच्चारला. बाबा बरं म्हणाले.

तुकडे कापून आले ते गंजानं फुललेले. नवऱ्याला तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला, म्हणून त्यानं आपला तुकडाही बाबांच्या बाकावर ठेवला आणि जरा बघा म्हणून बाहेर गेला. गंजकं लोखंड हातात आलं की बाबांचा हात आपोआप चालतो. त्यांनी दोन दिवस बसून दोन्ही तुकडे लखलखीत केले, आणि नवऱ्यानं नंतर डब्यावरचं वाचत वाचत आपल्या तुकड्याला रंग दिला. मी चहा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. मलाही त्यात काही विशेष वाटलं नाही, हे कबूल करते.

पाणी घालायचं काम सासूबाईंकडे आलं, कारण घरातली वास येणारी सगळी कामं त्यांच्याकडेच येतात. झाडांना कधी इतकं नेमानं पाणी घातलं नव्हतं, असं त्या नाकाला कापड लावून रोज म्हणायच्या.

तीन महिन्यांनी तुकडे खाली काढले. साक्षीदार म्हणून कॅटलॉगलाही बोलावलं होतं. बाबांच्या तुकड्यावर ओरखड्यापासून दोन बोटं गंज रंगाखाली घुसला होता. नवऱ्याच्या तुकड्यावर नुसती केसाएवढी रेघ. नवरा भांडायची पूर्ण तयारी करून उभा होता. बाबांनी दोन्ही तुकडे उजेडात धरले, नखानं टोकरले आणि म्हणाले, "तुझा चांगला आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते घरी. वर्तमानपत्राचं एकच पान दुपारपर्यंत पुरायचं. मग ते खिळे, कड्या, कुलपं घेऊन बसायचे. सासूबाई मला म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या बिजागऱ्या घासून झाल्या. आता माझ्या दातांकडे बघतायत."

इकडे गॅरेजमध्ये प्रगती सुरू झाली. बाईंची पहिली गाडी आली, पाण्याच्या फवाऱ्यानं धुतली, वाळवली आणि गंजासकट रंगवली. पाच दिवसांचं काम एका दिवसात. नवरा दोन वेळा गाडीखाली जाऊन आला आणि दोन्ही वेळा स्वतःशीच हसत बाहेर निघाला.

सहा आठवड्यांनी बाई आल्या. या वेळी त्या खुर्चीवर बसल्या. पर्समधून घडी घातलेला रुमाल काढून टेबलावर उलगडला. आत तळहाताएवढा रंगाचा पापुद्रा होता. एका बाजूनं काळा, चकाकणारा. दुसऱ्या बाजूला आख्खा गंज चिकटलेला.

"रंग टिकलाय हो," बाई म्हणाल्या. "गाडीवर नाही टिकला, एवढंच."

आठ दिवसांत गाडी नीट करून हवी होती, नाहीतर राम राम. नवऱ्यानं कॅटलॉगला फोन लावला. त्याच्या मते दोष आधी हवेतल्या ओलाव्याचा होता, मग मिठाचा, मग ड्रायव्हरचा, कारण तो गाडी खड्ड्यातून नेत असणार. शेवटी त्यानं आणखी एक कॅटलॉग आणून द्यायची तयारी दाखवली.

नवऱ्यानं आपला परीक्षेचा तुकडा काढला आणि स्क्रूड्रायव्हरनं रंग उचकटायला लागला. सुटेना. त्यानं जोर लावला तेव्हा स्क्रूड्रायव्हर घसरून बोटाला लागला, पण रंग हलला नाही.

"डबा तोच, रंग तोच," तो बोट चोखत म्हणाला.

"तुमचा तुकडा घासला कुणी होता?" मी विचारलं.

त्यानं डबा फिरवून पुन्हा वाचला. मग म्हणाला, "घासायची गरजच नव्हती. डब्यावर लिहिलंय."

"हो, पण बाबांनी डबा वाचला नव्हता ना."

गॅरेजपासून घराचं दार वीस पावलांवर आहे. तेवढी पावलं मी त्याच्या वतीनं चालावीत, असं त्याचं म्हणणं पडलं. मी नाही म्हटलं. शेवटी तो गेला आणि मी मागोमाग, उगीचच हातात रिकामा कप घेऊन. त्यानं सुरुवात हवेच्या ओलाव्यापासून केली, मग मिठावर आला, ड्रायव्हरपाशी जरा रेंगाळला. बाबा एका जुन्या कडीला पॉलिश पेपर मारत ऐकत होते.

"माझा तुकडा तुम्ही घासला होतात," शेवटी तो म्हणाला.

"मग? गंजका द्यायचा होता?"

"बाबा, या ना गॅरेजला."

आतून सासूबाईंनी विचारलं, की यांचा आराम झाला का, की अजून थोडा करायचाय.

बाबा आले. नवऱ्यानं उदार होऊन सांगितलं की या गाडीला आता तुमचाच लाल-काळा देऊ. बाबा पहिल्यांदाच चिडले. "हरलेला रंग कशाला लावतोस? माणसं बसतात तिच्यात. तुझाच लाव."

पाच दिवस दोघं गाडीखाली होते. मला फक्त चार पाय दिसायचे आणि खरखर ऐकू यायची. तिसऱ्या दिवशी मी वाकून पाहिलं, तर नवरा पार लाल धुळीनं माखलेला, आणि बाबा त्याला एका पट्टीवरून हात फिरवायला लावत होते.

"कसं लागतंय?"

"एकदम गुळगुळीत."

"मग नाही झालं अजून. रंगाला धरायला काहीतरी ठेव की. जाडा, खरखरीत कागद घे."

आठव्या दिवशी बाई स्वतः आल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. गाडीखाली वाकल्या, किल्ली काढली आणि सगळा जोर लावून चेसिसवर घासली. मग बाहेर येऊन किल्लीचं टोक बघितलं, ते वाकलं होतं. उद्या दुसरी गाडी पाठवते म्हणाल्या आणि आमच्याकडून एक पक्कड मागून घेतली.

त्या गेल्यावर नवरा बाबांना म्हणाला की उद्या आठला सुरू करू. बाबा हात पुसत म्हणाले की त्यांना आता उशिरा उठायची सवय लागली आहे, दहाच्या आत जमणार नाही. नवरा नऊवर आला. बाबांनी जाडा कागद आणून ठेवलाय का ते विचारलं. ठेवलाय, असं कळल्यावर ते साडेनऊ म्हणाले, आणि तेच ठरलं.