इनमुकच्या मागून चालणारी वीस माणसं

नवरा पुढच्या खोलीत पेटीत निजला होता आणि मागच्या खोलीत दोन शिकलेली माणसं त्याच्या नावावरून भांडत होती. मधल्या स्वयंपाकघरात ओकबुन रस्सा ढवळत उभी होती. भिंत मातीची, दार कागदाचं. दोघं दबक्या आवाजात बोलत होते, तरी प्रत्येक शब्द तिच्या कानावर येऊन आदळत होता.

"इनमुक पहाट मंडळाचा. पहिल्यापासून आमचा," सोक म्हणाला. तो सोलहून आलेला, तोक्योत शिकलेला. घामानं अंग निथळत होतं तरी कोट काढला नव्हता.

"तुमचा कसला? तुरुंगात जायच्या आधीच तुमच्यावर थुंकून तो आमच्या नांगर मंडळात आला होता," दुसरा, मेंग, म्हणाला.

पहाट काय नि नांगर काय, या नुसत्या पाट्या होत्या. पोलिसांनाही ते ठाऊक होतं. खरा पक्ष लपलेला. त्याची केंद्रीय समिती सात जणांची. तिचे दोन तुकडे झाले होते, तिघं सोकचे, तिघं मेंगचे, आणि दोन्ही तुकडे स्वतःला अख्खी समिती म्हणवून मॉस्कोला मान्यतेसाठी कळवत होते. सातवा इनमुक. तो तुरुंगात असताना दोघांनीही त्याला आपल्या बाजूला धरून टाकलं होतं. आता तो मेला होता, आणि आज त्याच्या पेटीवरच्या लाल कापडावर कुठल्या मंडळाचं नाव लिहिलं जातं, त्याच्या मागून कोण चालतं, ते उद्या वर्तमानपत्रात छापून येणार होतं. भांडण त्याचं होतं.

ओकबुननं पळी भांड्यावर आपटली. आतले आवाज क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

इनमुकला तुरुंगवाल्यांनी मरायलाच घरी सोडलं होतं. छाती पार पोखरलेली. आत मेला तर बोंब होईल, म्हणून एका दुपारी हातगाडीवर घालून दाराशी आणून टाकला. तेव्हापासून सोलहून एक कुत्रं फिरकलं नव्हतं. मेल्याची बातमी गेली आणि पहिल्या गाडीनं दोघंही हजर.

आणि मागचा हिवाळा? तो तर ती विसरूच शकत नव्हती. इंचॉनच्या बंदरावरच्या भातगिरणीत ती तांदूळ निवडायला जायची, तिच्यासारख्या शेकड्यांनी बायका. मालकानं पोत्यामागची मजुरी कापली आणि बायका गिरणीबाहेर बर्फात बसल्या. ओकबुन सोलला गेली, सोकच्या दारात उभी राहिली. म्हणाली, दोन माणसं पाठवा, बोलता येणारी, चार शब्द छापून द्या. सोक म्हणाला, "वहिनी, समितीची बैठक चालू आहे. ती आटोपली की लगेच." बैठक सरचिटणीस कोण व्हावं याची होती. तिथून ती मेंगकडे गेली. त्याच्याकडेही बैठकच होती. कोणी आलं नाही. मुकादमानं दांडक्यानं मालसुनचा हात मोडला, आणि आठवडाभरात बायका कापलेल्या मजुरीवर माना खाली घालून आत गेल्या.

अंगणातून सासऱ्याचा आवाज आला. "सूनबाई, हे बघ आलं गिधाड."

को नावाचा हवालदार फाटकात उभा होता. आपल्याच मुलखातला, पण जपान्यांच्या चाकरीतला. साध्या कपड्यात, डोक्यावर तागाची टोपी. घाम पुसत म्हणाला, "बांग म्हातारबा, खांदेकरी आणि घरचे सोडून वीस माणसं. एक जास्त नको. भाषण नाही, गाणी नाहीत."

"खांदेकऱ्यांनी गायचं नाही, तर पावलं कशी जुळायची?" म्हातारा बंदरावर आयुष्यभर पोती वाहिलेला माणूस. खांद्यावर घट्ट्यांची गाठ.

"बरं, खांदेकऱ्यांचं गाणं चालेल. लाल कापड रिवाजाचं आहे म्हणून चालेल. पण त्यावर फक्त नाव. आणखी एक अक्षर दिसलं तर पेटी ठाण्यात."

"पेटीला बेड्या घालणार का?" म्हातारा म्हणाला. को हसला नाही.

ही बातमी आत जाताच भांडणानं नवं वळण घेतलं. कापडाचं राहिलं, आता वीस जागांची वाटणी सुरू झाली.

"बारा आमचे, आठ तुमचे."

"का? तो तुमच्या बापाचा होता का? दहा-दहा."

"आमचे लोक सोलहून आलेत."

"आमचे काय आभाळातून पडले?"

ओकबुननं पळी ठेवली, हात पुसले आणि सरळ दार सरकवलं. दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, मध्ये लाल कापड, शेजारी पांढरा रंग भरलेली वाटी आणि कुंचला.

"वहिनी," सोक झटकन उठला, आवाज मऊ करत म्हणाला, "बरं झालं आलात. तुम्हीच सांगा. शेवटी इनमुक काय म्हणाला? आमच्याबद्दल? समितीबद्दल?"

मेंगही पुढे झुकला. "हो वहिनी, खरं काय ते सांगा. तुमचा शब्द आम्हाला प्रमाण."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण इनमुक बोलला होता. शेवटपर्यंत तेच बोलत होता. तिनं त्याला संपाचं सांगितलं, मालसुनच्या हाताचं सांगितलं, तर म्हणाला, हं, समितीला कळवायला हवं. मध्येच डोळे उघडून विचारायचा, सोलहून कोणी आलं का गं? ती नाही म्हणायची. उद्या येतील, म्हणायचा. शेवटच्या सकाळी रक्त ओकून झाल्यावर त्यानं विचारलं होतं, "आता मतं किती-किती आहेत?" तिचा नाही, म्हाताऱ्या बापाचा नाही, त्या दळभद्र्या मतांचा हिशेब विचारत तो गेला. तिला या दोघांहून जास्त राग त्याचाच होता. पण तो राग तिचा होता. ती तो या दोघांच्या हातात देणार नव्हती.

"काही बोलला नाही," ती म्हणाली. "तुमचं नावही काढलं नाही. कशाला काढेल? कोण तुम्ही त्याचे?"

"वहिनी, दुःखात माणूस..."

"दुःख नाही हे, राग आहे! कळत नसेल तर नीट बघून घ्या. लिहा. बांग इनमुक. बस. वर काही नको, खाली काही नको."

"पण मंडळाच्या..."

"लिहितोस की कापड चुलीत घालू?"

सोकनं कुंचला उचलला. अक्षर सुरेख आलं. ओकबुननं कापड उचललं, आणि दारातूनच म्हणाली, "आणि वीस जागा माझ्या आहेत. तुम्ही दोघं फाटकात उभे राहा. दहा-दहा पावलं वाटून घ्या हवं तर."

फाटकाबाहेर बायका उभ्या होत्या. गिरणीतून थेट आलेल्या, केसांत भाताचा कोंडा, दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून. पुढे मालसुन, वाकडा जुळलेला हात पोटाशी धरून. त्या फक्त नमस्कार करून परतणार होत्या. बायका डोंगरावर दफनाला जात नसत.

"चला," ओकबुन म्हणाली. "मी मोजते."

"कुठं गं?" मालसुन म्हणाली. "वर? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. मामंजी, मी यांना वर नेतेय."

सगळे म्हाताऱ्याकडे बघायला लागले. शेजारचा एक वृद्ध पुटपुटला, असलं कधी ऐकलं नाही. बांग म्हाताऱ्यानं तागाचा शोकपट्टा कमरेला घट्ट केला. त्याचे डोळे सुजले होते.

"तुरुंगाच्या दारात भाताचा डबा घेऊन थंडीत कोण उभं राहायचं? ही. आणि हिला ताप आला तेव्हा? ती मोडक्या हाताची," तो शेजाऱ्यावर ओरडला. "तू गेला होतास का एक दिवस? मग गप बस. चला पोरींनो."

कोनं माणसं मोजली. विसाव्या बाईपाशी तो घुटमळला, सोककडे बघितलं, मेंगकडे बघितलं. ज्यांच्यावर नजर ठेवायची ती माणसं फाटकातच राहत होती, याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं. पण आकडा बरोबर होता. त्यानं हात हलवला.

हमालांनी पेटी खांद्यावर घेतली. पुढच्यानं घंटा हलवून ओळ उचलली, बाकीच्यांनी मागून साथ धरली आणि पावलं जुळली. चढावर बायका मागून चालल्या. कोणी रडत होत्या, कोणी गिरणीच्या मुकादमाला शिव्या देत होत्या. ओकबुनच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

माती लोटून झाली की ती पायांनी तुडवून दाबावी लागते. ते काम पुरुषांचं. हमाल पुढे झाले, तोवर ओकबुन खड्ड्यावर चढली होती. ती तुडवायला लागली. टाच रोवून, दात आवळून. मालसुन चढली, मग बाकीच्या. घंटावाल्यानं एकवार म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि गाणं धरलं.

"मतं किती म्हणे!" ओकबुन पायाखालच्या मातीला म्हणाली. "हे घे! मोज! मोज आता!" आणि मग कुठं तिला रडू फुटलं, तेही ओरडण्यासारखं. मालसुननं चांगल्या हातानं तिला दंडाला धरलं, पण थांबवलं नाही. दोघी तुडवतच राहिल्या.

उतरताना वाटेच्या तळाशी सोक एकटाच उभा होता. को बराच पुढे गेलेला बघून तो जवळ आला.

"वहिनी, आज तुम्ही जे केलंत ते मी पाहिलं. इनमुकची जागा रिकामी आहे. तुम्ही या. समितीत पहिली बाई. कामगार बाई. मॉस्कोवर याचा फार चांगला परिणाम होईल."

"आणि तुमचे चार होतील."

तो लाल झाला. "तसं नव्हे..."

"आधी मालसुनला विचार, हात कसा आहे."

सोक गोंधळला. तिच्या शेजारीच मालसुन उभी होती, तिच्यावरून त्याची नजर घसरून मागच्या बायकांवर गेली. "मालसुन कोण?"

बायकांतून कोणीतरी फिसकन हसलं. ओकबुन हसली नाही. ती त्याच्या इतकी जवळ गेली की तो एक पाऊल मागे सरला आणि त्याचा बूट ओढ्याच्या चिखलात रुतला.

"पुन्हा मला वहिनी म्हणायचं नाही," ती म्हणाली, आणि चालू पडली.

दोन्ही मंडळांनी आपापल्या पत्रकांत इनमुक आपलाच असल्याचं छापलं. मॉस्कोनं दोघांचेही अर्ज परत पाठवले, म्हणाले आधी एक व्हा. ते एक व्हायच्या आत पोलिसांनी उरलेल्या सहाही जणांना उचललं. ही बातमी गिरणीत आली तेव्हा ओकबुन तांदळातले खडे वेचत होती. बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"त्यांच्या बायकांना विचारून या कोणीतरी," ती शेवटी म्हणाली. "आत डबा पोचवायला कुणी आहे का. नसेल तर आपण पाळी लावू."

"अगं, त्यांनी एवढं करूनसुद्धा?" मालसुन चिडून म्हणाली.

"माझा राग काही कमी झालेला नाही," ओकबुन म्हणाली आणि पुढचं सूप ओढून घेतलं.